पडद्यावरचा आकडा आणि टाकीतले पेट्रोल

मुलांनो, तुम्ही कधी मोटारीत चालकाच्या शेजारी बसला आहात काय? बसला असाल, तर स्टिअरिंगच्या मागे असलेले निरनिराळे काटे आणि दिवे तुम्ही नक्कीच पाहिले असतील. वेग दाखवणारा काटा, टाकीत पेट्रोल किती आहे ते दाखवणारा काटा, गाडी आजवर किती किलोमीटर चालली ते सांगणारा मीटर, हे सगळे त्या डॅशबोर्डवर असते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तिथेच एक छोटा पडदाही असतो. त्यावर एखादा आकडा उमटतो, उदाहरणार्थ १९.४. याचा अर्थ, ही गाडी एक लिटर पेट्रोलमध्ये सरासरी १९.४ किलोमीटर चालते.

आपल्याकडे याला गाडीचे ‘ॲव्हरेज’ म्हणतात. चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, दोन गाडीवाले भेटले की पहिला प्रश्न हाच असतो, “तुमची गाडी किती ॲव्हरेज देते?” आणि उत्तर देणारा पडद्यावरचा आकडा मोठ्या ऐटीत सांगतो. पण तो आकडा खरा असतो का? तो कोण मोजतो? कसा मोजतो? आज आपण हेच पाहणार आहोत.

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. त्यांची स्वतःची भाड्याची गाडी आहे. गेल्या वर्षी त्यांना एक चांगले काम मिळाले. काही कामगारांना रोज घरून कामावर न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. महिन्याला सुमारे ३००० किलोमीटर फिरावे लागणार होते आणि भाडे महिन्याचे एकदाच ठरवायचे होते. चाचांनी पडद्यावर पाहिले. आकडा होता १९.४. त्यांनी ३००० ला १९.४ ने भागले. उत्तर आले १५४.६. म्हणजे महिन्याला साधारण १५५ लिटर पेट्रोल लागेल, असे धरून त्यांनी भाडे ठरवले.

तीन महिने झाले. चाचा एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “मास्तर, काम भरपूर आहे, गाडी रोज धावते आहे, पण हातात पैसा उरत नाही. दर महिन्याला हजार-बाराशे रुपये कुठे जातात तेच कळत नाही. हिशेब तर मी बरोबर केला होता.”

मी त्यांना विचारले, “चाचा, हिशेबातला १९.४ हा आकडा तुम्ही कुठून घेतला?”

“गाडीनेच सांगितला,” ते म्हणाले.

मुलांनो, चाचांचा भागाकार अगदी बरोबर होता. चूक असली तर ती गाडीने सांगितलेल्या आकड्यात असणार. पण गाडी चुकते कशी, हे समजण्यासाठी आधी तिचा हिशेब समजून घ्यायला हवा.

तुम्हांला वाटेल, टाकीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या नळीत, आपल्या घरच्या पाण्याच्या मीटरसारखा एखादा मीटर असेल. बहुतेक गाड्यांत तसे काही नसते. जुन्या मोटारींत तर अशी सोयच नव्हती. त्यांत कार्बोरेटर असे. हवा जोराने आत ओढली जाई आणि तिच्याबरोबर पेट्रोलही ओढले जाई. किती पेट्रोल गेले याची नोंद कोणीच ठेवत नसे. नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर आले. इंजेक्टर म्हणजे पेट्रोलचा बारीक फवारा सोडणारी तोटी. ही तोटी विजेवर उघडते आणि बंद होते. ती केव्हा उघडायची आणि किती वेळ उघडी ठेवायची, हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. हा वेळ किती थोडा असतो, ठाऊक आहे? केवळ काही मिलिसेकंद! एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले दोन, चार किंवा आठ भाग.

आता थोडे गणित करू. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत आहे असे समजा. अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल लागते. म्हणजे एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १२०० फवारे, सेकंदाला २० फवारे. चार सिलिंडरांचे मिळून सेकंदाला ८० फवारे झाले! संगणक या प्रत्येक फवाऱ्याचा वेळ मोजून त्यांची बेरीज करत राहतो. तोटी एक सेकंद उघडी राहिली तर किती पेट्रोल बाहेर पडते, हे कारखान्यात त्याला आधीच सांगून ठेवलेले असते. वेळेला त्या आकड्याने गुणले की पेट्रोलचे माप निघते. गाडीची चाके किती फिरली, यावरून अंतर निघते. अंतराला पेट्रोलने भागले की पडद्यावर ॲव्हरेज उमटते.

पाहिलेत? संगणक पेट्रोल मोजत नाही. तो वेळ मोजतो आणि त्यावरून पेट्रोलचा अंदाज करतो. आपण नळाखाली बादली लावली आणि “मागच्या वेळी पाच मिनिटांत भरली होती, आजही पाच मिनिटे झाली, म्हणजे भरली असेल” असे घरात बसूनच म्हटले, तर त्यासारखेच हे आहे. नळाला पाणी नेहमीच्या जोराने येत असेल तर अंदाज बरोबर ठरेल. जोर कमी-जास्त झाला तर चुकेल. इंजेक्टरच्या तोंडाशी घाण बसली, पेट्रोलचा दाब थोडा बदलला किंवा तोटी कारखान्यातूनच किंचित मोठ्या भोकाची आली, तर संगणकाला ते नेमके कळत नाही.

काही गाड्यांतले संगणक आणि मोबाईलला जोडायची काही यंत्रे दुसऱ्या वाटेने हिशेब करतात. इंजिनात किती हवा गेली ते मोजायचे आणि त्यावरून पेट्रोल काढायचे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, हा नियम ती वापरतात. पण आता आपल्या देशात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. अशा मिश्रणाला किलोमागे साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते. यंत्र अजून १४.७ च धरून बसले असेल, तर ते पेट्रोलचा खर्च सुमारे आठ टक्क्यांनी कमी दाखवील. यंत्राचा भागाकार इथेही बरोबरच असतो बरे का! त्याला दिलेली माहिती जुनी असते.

पडद्यावर दोन तऱ्हेचे आकडे असतात, हेही लक्षात ठेवा. एक या क्षणाचा आणि दुसरा सरासरीचा. या क्षणाच्या आकड्याची मोठी गंमत असते. नाशिकहून मुंबईला जाताना इगतपुरीनंतर कसाऱ्याचा घाट लागतो. घाट उतरताना चालक गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. तेव्हा उताराच्या जोरावर चाकेच इंजिनाला फिरवतात. संगणक हे ओळखतो आणि पेट्रोलचा फवारा चक्क बंद करतो. आता अंतर तर वाढते आहे आणि पेट्रोल शून्य. शून्याने भागायचे कसे? तुमच्या गणिताच्या सरांना विचारा! संगणकालाही ते जमत नाही. म्हणून तो आपला सर्वांत मोठा आकडा, जसे ९९.९, दाखवून मोकळा होतो. काही गाड्या नुसत्या आडव्या रेघा दाखवतात. उलट, सिग्नलला गाडी उभी असली आणि इंजिन चालू असले, तर पेट्रोल जळते पण अंतर शून्य. मग ॲव्हरेजही शून्य.

जाता जाता एक सांगतो. काही चालक पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करतात. त्यात पेट्रोल वाचत तर नाहीच, कारण इंजिन सुरू ठेवायला फवारा चालूच ठेवावा लागतो. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी दगा देतात.

आता सरासरीकडे वळू. समजा, एका गाडीने घाटातून १० किलोमीटर चढ चढताना लिटरला १० किलोमीटर ॲव्हरेज दिले आणि तेवढाच उतार उतरताना ३० दिले. तर सरासरी किती? पटकन तुम्ही म्हणाल, २०. चूक! चढताना १ लिटर पेट्रोल लागले. उतरताना १० भागिले ३०, म्हणजे लिटरचा तिसरा हिस्सा लागला. एकूण अंतर २० किलोमीटर, एकूण पेट्रोल १.३३ लिटर. भागून पाहा, उत्तर १५ येईल. जिथे गाडी जास्त पेट्रोल पिते, तो भाग सरासरीला खाली ओढतो. म्हणूनच पडद्यावर अधूनमधून दिसणारे मोठे मोठे आकडे लक्षात ठेवून ‘साधारण एवढे देते’ असे ठरवणे फसवे असते. माणसाला चांगलेच आकडे आठवतात.

तर मग खरे ॲव्हरेज काढायचे कसे? त्याची जुनी रीत सर्व मेकॅनिकांना ठाऊक आहे. टाकी फुल्ल करायची आणि मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहायचे. गाडी नेहमीसारखी चालवायची. मग पुन्हा टाकी फुल्ल करायची. दुसऱ्या वेळी जितके लिटर मावले, तितके पेट्रोल मधल्या प्रवासात खर्च झाले. इथे अंदाज नाही; पंपाच्या यंत्राने मोजलेले पेट्रोल आहे.

मी चाचांना एक वही दिली आणि चार वेळा टाकी भरून नोंद करायला सांगितले. चाचा म्हणाले, “चार वेळा कशाला? एकदा केले की झाले.” मी म्हटले, करून तर पाहा.

पहिल्या भरणीच्या वेळी गाडी ६४० किलोमीटर चालली होती आणि ३४.२ लिटर पेट्रोल मावले. ॲव्हरेज आले १८.७. चाचा खूश झाले. दुसऱ्या वेळी ५४१ किलोमीटर आणि ३१.६ लिटर, म्हणजे १७.१. चाचा चिडले. तिसऱ्या वेळी ६५० किलोमीटरला ३५.१ लिटर, म्हणजे १८.५ आणि चौथ्या वेळी ५८१ किलोमीटरला ३३.१ लिटर, म्हणजे साडेसतरा. गाडी तीच, रस्ता तोच, चालकही तोच. मग आकडे असे वर-खाली का?

याचे कारण ‘फुल्ल’ या शब्दात आहे. पंपावरच्या नळीच्या तोंडाशी एक लहान भोक असते. पेट्रोल त्या भोकापर्यंत चढले की भोकातून हवा ओढली जाणे थांबते आणि नळी ‘खट्’ आवाज करून आपोआप बंद होते. पण ती कधी लवकर बंद होते, कधी उशिरा. नळी किती आत घातली, गाडी उतारावर उभी होती काय, पेट्रोलला फेस आला काय, यांवर अर्धा-एक लिटर सहज इकडेतिकडे होतो. आज एक लिटर कमी मावले तर पुढच्या वेळी ते जास्त मावते. म्हणून एका भरणीवर विश्वास ठेवायचा नाही. चारही भरण्या एकत्र करा. एकूण अंतर २४१२ किलोमीटर, एकूण पेट्रोल १३४ लिटर. भागाकार करा. बरोबर १८ येतात.

त्या सगळ्या काळात पडद्याने काय दाखवले होते? १९.४. आता उलटा भागाकार करून पाहू. २४१२ भागिले १९.४ म्हणजे १२४.३. याचा अर्थ, गाडीच्या संगणकाच्या मते १२४.३ लिटर पेट्रोल जळले होते. पंपावर चाचांनी पैसे भरले १३४ लिटरचे. पावणेदहा लिटर पेट्रोल संगणकाच्या हिशेबात आलेच नव्हते!

चाचांना लगेच पंपवाल्याचा संशय आला. आपल्याकडे तो सर्वांनाच आधी येतो. पण संशय घेण्यापेक्षा तपासणे बरे. प्रत्येक पेट्रोल पंपावर ५ लिटरचे एक प्रमाणित माप ठेवलेले असते. त्यावर वजन-मापे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का असतो. कोणतेही गिऱ्हाईक ते माप मागू शकते आणि त्यात पेट्रोल ओतून पाहू शकते. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. आम्ही दोघे गेलो. चाचांनी माप मागितले. तिथल्या मुलाने काही न बोलता ते आणून दिले. माप बरोबर भरले. पंपाची चूक जास्तीत जास्त अर्धा टक्का असू शकत होती आणि आमचा फरक सात टक्क्यांहून अधिक होता. पंप सुटला.

आता राहिले अंतर. पडद्याचा हिशेब असो की वहीतला, किलोमीटर दोन्हीकडे गाडीच्याच मीटरवरून घेतलेले होते. तो मीटर तरी खरा होता का? मीटर चाकाचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्यात ठरावीक अंतर जाते असे धरतो. नव्या टायरवर सुमारे ८ मिलिमीटर जाडीची नक्षी असते. घासून घासून ती दीड-दोन मिलिमीटर राहते. चाकाचा व्यास नवा असताना ६०० मिलिमीटर असेल, तर झिजल्यावर तो ५८८ च्या आसपास येतो. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४, हे तुम्हांला माहीत आहे. चाक दोन टक्क्यांनी लहान झाले, तर तेवढेच अंतर जायला त्याला दोन टक्के जास्त फेरे घ्यावे लागतात. मीटर फेरेच मोजतो. म्हणून झिजलेल्या टायरची गाडी जास्त किलोमीटर चालल्याचे दाखवते.

महामार्गाच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. आम्ही दगड मोजत ५० किलोमीटर गेलो. मीटरने ५०.८ दाखवले. टायर झिजलेलेच होते. या हिशेबाने २४१२ किलोमीटर म्हणजे प्रत्यक्षात २३७४ किलोमीटर झाले आणि खरे ॲव्हरेज १७.७ ठरले. ही चूक पडद्यातही होती आणि आमच्या वहीतही होती, म्हणून दोघांची तुलना करताना ती दिसली नाही. दोन घड्याळे सारखीच पुढे असली, तर एकाशी दुसरे ताडून काही कळत नाही. तिसरे घड्याळ पाहावे लागते.

येथे कोणी म्हणेल, “वेगाचा काटाही गाडी जास्तच दाखवतो ना?” होय. पण त्याचे कारण वेगळे आहे. अनेक देशांनी मान्य केलेला नियमच असा आहे की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये; थोडा जास्त दाखवला तर चालतो. चालकाने नकळत मर्यादा ओलांडू नये, हा त्यातला हेतू. वेगाच्या काट्याची ही चूक मुद्दाम ठेवलेली असते. तिचा ॲव्हरेजशी संबंध जोडू नये.

ॲव्हरेजचा पडदा मात्र बहुधा एकाच बाजूला, म्हणजे गाडीची स्तुती करण्याकडे, झुकलेला का आढळतो? मला वाटते, कोणताही विद्यार्थी स्वतःचा पेपर स्वतः तपासू लागला, तर अर्ध्या गुणाच्या जागी एक गुण देण्याचा मोह त्याला होणारच. तरी सगळ्याच गाड्या असे करतात असे नाही. काहींचा पडदा अगदी जवळचा आकडा देतो आणि एखाद्या गाडीचा पडदा खऱ्यापेक्षा कमीही दाखवतो.

गाडी विकत घेताना जाहिरातीत जो आकडा वाचायला मिळतो, तो आणखी निराळा. आपल्या पुण्यात ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था १९६६ पासून आहे. तेथे गाडी मोठ्या रुळांवर उभी करून जागच्या जागी चालवतात. किती वेगाने, किती वेळ, कुठे थांबायचे, हे सगळे आधीच ठरलेले असते. गाडीच्या नळीतून निघालेला धूर गोळा करून त्यातील कर्बाचे प्रमाण मोजतात आणि त्यावरून किती पेट्रोल जळले ते काढतात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. धुरावरून पेट्रोल मोजायची ही युक्ती फार छान आहे. मोजमाप काटेकोर असते, पण तेथे खड्डे नसतात, गर्दी नसते, पाठीमागे सामान आणि पाच माणसे नसतात. म्हणून रस्त्यावर तो आकडा सहसा मिळत नाही.

हा फरक किती असतो हे पाहण्यासाठी युरोपीय संघाने एक नियम केला. २०२१ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत खऱ्या इंधनखर्चाची नोंद ठेवणारी सोय सक्तीची झाली आणि तिची चूक ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी असे ठरले. २०२४ मध्ये त्या नोंदी जाहीर झाल्या. पेट्रोल आणि डिझेलच्या मोटारी रस्त्यावर प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त इंधन खात होत्या.

तर मग पडद्यावरचा आकडा बिनकामाचा म्हणायचा काय? तसे नाही. रोज नेमके पाच मिनिटे पुढे असणारे घड्याळ तुम्ही फेकून देत नाही. पाच मिनिटे वजा करता आणि शाळेत वेळेवर पोहोचता. चाचांच्या पडद्याचेही तसेच केले. वहीतले १८ भागिले पडद्यावरचे १९.४, उत्तर आले ०.९३. पडद्यावर जो आकडा दिसेल त्याला ०.९३ ने गुणायचे. शिवाय तुलना करायला पडदा उपयोगी पडतोच. त्याच रस्त्यावर ताशी ६० ने गेल्यावर आणि ९० ने गेल्यावर पडद्यावर काय फरक पडतो ते चाचांनी पाहिले. दोन्ही आकडे फुगलेलेच होते, पण कोणता मोठा आहे हे त्यांवरून कळत होते.

इंजेक्टरमध्ये दोष आहे की संगणकाला दिलेल्या आकड्यात, हे आम्ही शोधले नाही. गॅरेजमधल्या मेकॅनिकने सांगितले की काही गाड्यांत ही चूक सुधारण्यासाठी संगणकात दुरुस्तीचा आकडा भरता येतो, पण या गाडीत ती सोय नाही.

चाचांनी पुन्हा हिशेब केला. ३००० भागिले १८ म्हणजे १६६.७ लिटर. आधी त्यांनी १५४.६ लिटर धरले होते. फरक १२ लिटरचा. लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याला १२०० रुपये! एवढेच पैसे त्यांच्या हातून जात होते. वही घेऊन ते कामगारांच्या मालकाकडे गेले. मालकाने चारही नोंदी वाचल्या, स्वतः भागाकार करून पाहिला आणि पुढच्या महिन्यापासून भाडे वाढवून दिले. मागचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

दोन महिन्यांनी चाचा पुन्हा ओट्यावर आले. चेहरा उतरलेला होता. “मास्तर, चारही टायर नवे घातले, मेकॅनिककडून हवा तपासून घेतली, आणि पडद्यावर ॲव्हरेज उलट कमी झाले. १९.४ चे १९ झाले. नवे टायर खराब निघाले की काय?”

मी हसलो आणि त्यांची वही मागितली. टायर नवे, म्हणजे चाक पुन्हा मोठे झाले. फेरे कमी झाले, म्हणून मीटरवर किलोमीटर कमी दिसू लागले. नवा टायर रस्त्याला थोडा जास्त घासतो हेही खरे, पण मुख्य कारण मीटरचेच होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तेच दगड मोजत ५० किलोमीटर गेलो. या वेळी मीटरने बरोबर ५० दाखवले. चाचांनी वहीचे नवे पान उघडले, वर तारीख लिहिली आणि टाकी फुल्ल करायला गाडी पंपाकडे वळवली.